निळी टिक, दलालामार्फत

इन्स्टाग्रामची निळी टिक म्हणजे ‘माणूस खरा आहे’ असा दाखला. तो मिळावा म्हणून अमेरिकेतल्या एका दलालाच्या गिऱ्हाइकांनी आपला धंदाच बदलला, अर्थात कागदोपत्री. २०२२मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने ही भानगड उघड केली. कुणी प्लास्टिक सर्जन, कुणी दागिनेवाला. तेव्हा टिक नामवंतांनाच मिळायची, म्हणून सगळे रातोरात ‘संगीतकार’ झाले. स्पॉटिफायवर गाणी चढली (सुराची अट तशीही कुणी घातली नव्हती), कौतुकाचे लेख पैसे मोजून छापून आले. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने शेकडो खात्यांची टिक काढून घेतली आणि पुढच्याच वर्षी स्वतःच टिक विकायची खिडकी उघडली: भारतात तेव्हा मोबाइलवरून महिना ६९९ रुपये. ओळखपत्र लागतं, गाणं लागत नाही. गिऱ्हाइकाला सवय लावली दलालाने, गल्ल्यावर बसली कंपनी. दलालाला निदान कमिशन तरी द्यायचं!