रोखीच्या माणसाने कर्ज कसे मागावे

ज्यांची कमाई बंडीच्या खिशात येते आणि तिथूनच परस्पर जाते, अशा यवतमाळ जिल्ह्यातील समस्त बिछायतवाले, मिस्त्री, शिंपी, ट्रॅक्टरवाले आणि लग्नाचे फोटोग्राफर यांच्या हितार्थ हे मार्गदर्शन. यात कोणीही व्यक्तिशः अभिप्रेत नाही. दारव्ह्याकडे बिछायत केंद्र चालवणारे आणि यवतमाळात घर बांधायचं म्हणून वर्षभर माझं डोकं खाणारे आमचे भाऊजी तर मुळीच नाहीत.

नियम पहिला. आपले उत्पन्न किती, हे आधी घरात ठरवून घ्यावे. रोखीच्या माणसाला एकच उत्पन्न असून भागत नाही. रेशनकार्ड केशरी असते, म्हणजे वर्षाला १ लाखाच्या आत. २०२४ मध्ये लाडकी बहीणचा अर्ज भरताना कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत होते. पुतण्याला मुलगी पाहायला गेलो की तेच कुटुंब सोफ्यावर बसून दहा लाखांपर्यंत चढते. आणि वर्गणी मागायला पोरं आली की, "काय उरते बाप्पा यात? मजुरीच निघत नाही." कर्जाच्या अर्जावर यातला कोणता आकडा लिहायचा, यावर भाऊजींच्या घरी दोन दिवस खल झाला. शेवटी बँकेतल्या साहेबांनी विचारलंच, "कार्डावरचा आकडा खरा की अर्जावरचा?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "दोन्ही खरे आहेत, साहेब. सीझन वेगळा."

नियम दुसरा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन बँकेत जाऊ नये. तो आपण गरीब आहोत हे सिद्ध करायला असतो.

नियम तिसरा. आयकराचे विवरणपत्र भरावे, आणि भरताना फार हुशारी करू नये. इथे जरा थांबतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं.

छोट्या धंदेवाल्याला हिशोबाच्या वह्या न दाखवता अंदाजे नफा धरून विवरणपत्र भरायची सोय आहे. आमचे सीए तिला ४४ एडी म्हणतात. रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के नफा धरायचा, बँकेतून किंवा फोनवरून आलेल्या रकमेवर ६ टक्के. यातला 'किमान' हा शब्द भाऊजींनी कधी ऐकलाच नाही. उलाढाल १२ लाख, नफा ८ टक्के, म्हणजे वर्षाला ९६,०००. केशरी कार्डात बरोबर बसलं! या आकड्यावर ते कित्येक वर्षं खूश होते. आता बँकेने त्याला बाराने भागलं. महिना ८,०००. त्यातला निम्मा हप्त्याला जाईल असं धरलं तर ४,०००, आणि तेवढ्या हप्त्यात वीस वर्षांसाठी कर्ज बसतं साडेचार लाखांच्या आसपास. भाऊजींच्या मनातलं दुमजली घर तेवढ्यात जोत्याच्याही वर येत नाही.

आता खरी मेख. मांडव, गाद्या, गंज, सराटे, चार पोरांची मजुरी, टेम्पोचं डिझेल, सगळं वजा जाता त्यांच्या हाती चार-पाच लाख राहतात, हे मला ताईकडून ठाऊक आहे. ते खरंखरं दाखवलं असतं तर कर किती बसला असता? शून्य. २०१९-२० पासून ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट आहे. नव्या पद्धतीत २०२३-२४ पासून ७ लाखांपर्यंत, २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत. जो कर नव्हताच, तो वाचवण्यासाठी या माणसाने इतकी वर्षं डोकं चालवलं. मी हे सांगितल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तू मास्तर आहेस, तुले पगार स्लिप भेटते. तुले काय समजते?"

तर विवरणपत्र दरवर्षी, वेळेत आणि खऱ्या नफ्याचे भरावे. बँका दोन-तीन वर्षांची मागतात. तिन्ही एकाच आठवड्यात भरलेली असली की खालच्या तारखाच चुगली करतात.

नियम चौथा. पैसा खात्यातून फिरवावा. धंद्याचे चालू खाते वेगळे काढावे आणि मिळालेली रोख त्याच आठवड्यात भरावी. अर्जाच्या आदल्या महिन्यात चार लाख एकदम भरून "ही माझी कमाई" म्हणू नये. साहेब लोकांना अशी कमाई ओळखू येते. फोनवर पैसे घेतले की जीएसटीवाला दारात येतो, हा समज सोडावा. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणीच लागत नाही. भाऊजींनी दुकानात क्यूआर कोड लावलाय खरा, पण त्याच्यावर गणपतीचं कॅलेंडर टांगलंय.

नियम पाचवा. उद्यम नोंदणी करावी. फुकट आहे.

नियम सहावा. वही. कायद्याच्या दृष्टीने हिची किंमत फारशी नाही, तरी सोबत न्यावी. भाऊजींची वही मी परवा पहिल्यांदा नीट पाहिली. लाल कापडी पुठ्ठा. गाव, तारीख, मांडव किती फुटांचा, सतरंज्या किती, परत आल्या किती, इसार किती, बाकी किती. बऱ्याच नावांपुढे एकच शेरा: 'कापूस विकल्यावर'. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर कापूस दिला तर पैसे शेतकऱ्याच्या खात्यात पडतात; खेडा खरेदीवाल्याला दिला तर भाव कमी, पण रोकडा हातात. दोन्हीकडून पैसा शेवटी नोटा होऊनच भाऊजींपर्यंत येतो. कोणाचा कधीच येत नाही. दोन-तीन नावं आडवी रेघ मारून सोडून दिलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, "त्याईचं वर्ष खराब गेलं." पुढे बोलले नाहीत. या रेघा विवरणपत्राच्या कुठल्या रकान्यात भरायच्या, ते सीएंनाही विचारून पाहिलं.

नियम सातवा. बँक नाहीच म्हणाली तर घरकर्ज देणाऱ्या कंपनीकडे जावे. त्यांचा माणूस दुकानात येऊन माल मोजतो, दोन गिऱ्हाइकांना विचारतो आणि स्वतःच उत्पन्नाचा अंदाज बांधतो. व्याज बँकेपेक्षा चढे असते, ते आधी विचारावे. भाऊजींकडे असा एक तरुण आला. त्याने गाद्या मोजल्या, खुर्च्या मोजल्या, वही चाळली, पाठ थोपटावी इतकं बारकाईने काम केलं, आणि कागदावर लिहिलं: 'उत्पन्न रोखीचे, पुरावा अपुरा.' मग पेन खिशात ठेवून हळूच विचारलं, वैशाखात बहिणीचं लग्न आहे, मांडव आणि तीनशे खुर्च्यांचं काय पडेल?

भाव ठरला. त्याने इसाराचे ५,००० काढले. भाऊजींनी उठून गणपतीचं कॅलेंडर बाजूला केलं.

"रोख नको. इथं स्कॅन करा."

तरुण घुटमळला. "ऑनलाइन केलं तर बिल लागेल ना? रोखीत काही कमी होत असेल तर पाहा ना, भाऊ."