गाडीला गच्ची फुटली!

"अहो वहिनी, कुरडया नंतर उलटा, आधी इकडे भिंतीशी या. काल रात्री तुमच्या दारात ती बुटकी पेटी कसली उभी होती? मला वाटलं, नवा फ्रीज आलाय."

"पेटी कसली काकू, घर होतं ते! जावईबापूंनी भाड्यानं आणलेलं. जीपच्या मागे अडकवून भंडारदऱ्याला नेलं. हँडल फिरवलं की छत वर जातं, दोन्ही अंगांनी पलंग बाहेर सरकतात, भोवती कापडाच्या भिंती. गाद्या, पंखा, कॉफीचं यंत्र, सगळं आत. ग्लॅम्पिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे तंबूच ना? तो तर सिंहस्थात आपल्या तपोवनात फुकट बघायला मिळतो."

"साधूंना गादी लागत नाही. आमच्या ह्यांना लागते! आणि वर म्हणतात कसे, सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आपण मागे का राहायचं?"

"वाट कुठली धरलीत?"

"घोटीवरून वळलो. बारीपाशी कळसूबाई दिसली. जावईबापू म्हणाले, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. नातू म्हणतो, मग गाडी तिथंच वर नेऊ की! शेवटी शेंडीच्या पुढे, पाण्याच्या काठी एकाच्या शेतात जागा मिळाली. धरण १९२६ साली पुरं झालेलं. माझ्या सासऱ्यांहून म्हातारं आणि त्यांच्याहून धडधाकट!"

"आणि ते छत?"

"तेच तर सांगते. हँडल फिरवायला हे बसले आणि अर्ध्यात अडकलं. एक बाजू वर, एक खाली, वादळात कललेला मांडवच जणू. शेतमालक आला, कुठलासा खटका सोडला आणि दोन मिनिटांत घर उभं. रात्री वळवाचा वारा सुटला, तर कानाशी कुणी चादरी झटकतंय असं वाटत होतं. पण त्याच्या बायकोनं चुलीवर नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला, तेव्हा यंत्रातली कॉफी कुणाला आठवतेय!"

"काजवे दिसले का पण? सगळा खटाटोप त्यासाठीच ना?"

"आधी एकही नाही. लेकीनं फोटोसाठी छतभर दिव्यांच्या माळा सोडलेल्या. हे चिडले, 'कुठे गेले तुमचे काजवे?' मालक शांतपणे म्हणाला, 'साहेब, आधी तुमचं लग्नघर विझवा.' विझवलं. मोबाइलसुद्धा पालथे घातले. दहाएक मिनिटं नुसता काळोख. मग समोरच्या सादड्यावर एक ठिपका, मग चार, मग अख्खं झाड पेटायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. नातू एवढा बोलका, पण त्याच्या तोंडून शब्द नाही."

"ते लुकलुकतात कशाला, ठाऊक आहे? आमच्या शेजारच्या सरांनी सांगितलं होतं. उडत खुणा करतात ते नर. मादी खाली गवतात नाहीतर पानावर बसून उत्तर देते."

"मालकही तेच म्हणाला. आपण झगझगीत उजेड केला की तिचं उत्तर त्याला दिसणार कसं?"

"म्हणजे आपण बॅटरी मारली की त्यांचं लग्न मोडतं!"

"आणि पाहुणे आपण, तेही न बोलावलेले. शेंडीच्या रस्त्यावर रात्री गाड्यांची रांग होती, काकू. प्रत्येकाचे दिवे झाडांवर. काजव्यांनी जावं कुठं?"

"बरं, भाडं केवढं पडलं?"

"ते ह्यांना विचारू नका, रक्तदाब वाढतो. एवढंच सांगते, ज्यासाठी गेलो ते दिवे विझवल्यावर दिसलं आणि त्याला पैसा लागला नाही. तुम्हीही जाऊन या, पण जोराचा पाऊस सुरू व्हायच्या आत. तंबू न्या, पेटी न्या, नाहीतर साधी सतरंजी न्या. उजेड तेवढा घरी ठेवा."