शून्य किलोमीटरचा दिवस

लांबच्या सायकल सफरीचं वेळापत्रक घरी, पंख्याखाली बसून केलं जातं. आमच्या वेळापत्रकात सगळ्यांचं बोट सारखं एकाच ओळीवर जायचं. वर ८५, खाली ९२ आणि मध्ये ‘तंजावर – ०’. पुण्याहून बंगळूर, सेलम करत कन्याकुमारीला जाणारे शहाणे लोक पुढे सरळ मदुराई गाठतात. तंजावर ही वाकडी वाट. पण मराठी माणसाने सायकलवर तमिळनाडूत जायचं आणि तंजावर टाळायचं, हे आमच्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला पटेना. शिवाय कावेरीचा सगळा सपाट मुलूख, घाट नाहीत, हा त्याचा हिशेबी मुद्दा. समोरून येणारा वारा त्याने हिशेबात धरला नव्हता.

विश्रांतीच्या दिवशी उशिरा उठायचं असं ठरलेलं असतं. पण रोज साडेचारला उठायची सवय झालेल्या शरीराला शून्य किलोमीटरची ओळ कोणी वाचून दाखवलेली नसते. तिघेही अंधारात टक्क जागे, आणि तिघेही एकमेकांची झोप मोडू नये म्हणून गप्प. शेवटी एकजण म्हणाला, “अरे, कॉफी तरी पिऊन येऊ.”

तिथून खाण्याला सुरुवात झाली. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा पुरता भरून यायला चोवीस तास तरी लागतात आणि त्यासाठी पिष्टमय पदार्थ खावे लागतात, हे शास्त्र आहे. त्या शास्त्राच्या आधाराने आम्ही इडली, पोंगल, वडा आणि पुन्हा पोंगल खाल्लं. वाढणाऱ्या पोऱ्याने दुसऱ्या पोंगलनंतर आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं. दुपारी केळीच्या पानावर ‘मील्स’ होतेच. भात मागाल तेवढा मिळतो, या वाक्याची खरी परीक्षा सायकलवालाच घेऊ शकतो.

तूर द फ्रान्समध्ये २१ टप्प्यांत विश्रांतीचे दोन दिवस असतात आणि त्या दिवशीही ते पठ्ठे तास-दोन तास सायकल चालवून येतात. एकदम थांबलं तर पाय जड होतात म्हणे. बरोबर आहे, पण त्यांचे कपडे धुवायला आणि सायकल पुसायला वेगळी माणसं असतात. आमच्याकडे ती माणसंही आम्हीच. लॉजच्या जिन्याखाली बसून जुन्या टूथब्रशने साखळीवरचं काळं काढणं, टायरमध्ये रुतलेल्या काचा टाचणीने उकरणं, ब्रेक घट्ट करणं आणि कपडे बडवणं यात सकाळ संपली. गादीची सायकल-चड्डी वाळायला जेवढा वेळ घेते तेवढ्यात पातळ धोतराचं अख्खं बिऱ्हाड वाळेल.

गंमत पुढे आहे. सायकलवर असताना आपण कोणीतरी असतो. चहाच्या टपरीवर थांबलं की भोवती माणसं जमतात, “एन्द ऊर?” विचारतात, पुणे म्हटल्यावर कपाळाला हात लावतात, चहाचे पैसे घेत नाहीत. त्याच माणसाने सायकल जिन्याखाली ठेवून, चुरगळलेल्या टी-शर्टात, रबरी चपला फटफटवत शहरात पाऊल टाकलं की तो कोणीच नसतो. रस्ता ओलांडताना रिक्षावाले हॉर्न मारतात. जिना उतरताना ‘आई गं’ निघतं. बाराशे किलोमीटर पायडल मारून आलेले पाय दोन फर्लांग चालताना कुरकुरतात, आणि हे कोणाला सांगण्याची सोय नाही. आमच्यातला एकजण तर भाजीवाल्यासमोर कारण नसताना हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

बृहदीश्वराच्या देवळात चपला काढल्यावर मात्र ओळख पटली. घोट्यापर्यंत पांढरे पाय आणि वर कोळशासारख्या पोटऱ्या पाहून शाळेच्या सहलीतली पोरं खुसखुसली. राजराज चोळाने सन १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ. सुमारे साठ मीटर उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. मान वर करून ते पाहताना, दोन आठवडे हॅंडलवर वाकून राहिलेल्या मानेला प्रथमच उलटा व्यायाम मिळाला. त्याच आवारातल्या भिंतीवर देवनागरीत मराठी कोरलेलं आहे. भोसले घराण्याचा इतिहास, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. तमिळ पाट्यांखाली मुकाट्याने काही दिवस काढल्यावर त्या दगडावर नजर स्थिरावली आणि आम्ही तिघेही मोठ्याने वाचू लागलो. जुनी भाषा, अक्षर अक्षर लावावं लागतं. तरी घाई नव्हती.

या घराण्यातले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इथे आले ते विजापूरच्या कामगिरीवर. इथल्या नायक राजांची गादी सावरून परतायचं होतं. त्यांनी मुक्काम केला आणि तो मुक्काम घराण्याने १८५५ पर्यंत, जवळजवळ १८० वर्षं चालवला. मध्ये देवनागरीत इतिहास कोरला, सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं आणि मोडीचे रुमाल जमवले. विश्रांतीच्या दिवसाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणी केल्याचं मला माहीत नाही. “कावेरीकाठचं हे भाताचं रान पाहून त्यांना परत घाट चढावासा वाटला नसेल,” बँकवाला म्हणाला. इतिहासकारांना हे पटणार नाही, पण ज्याने समोरचा वारा खाल्लाय त्याला पटेल.

संध्याकाळी घरून फोन. “आज विश्रांती ना? मग आवाज असा दमलेला का?”

“अगं, कपडे होते, साखळी होती, देऊळ होतं, राजवाडा होता...”

“म्हणजे घरच्या रविवारसारखंच की,” ती म्हणाली.

बँकवाल्याने मान डोलावणारी तंजावरची बाहुली घेतलीच. सफरभर टूथपेस्टचं वजन मोजणाऱ्या माणसाने! ती त्याच्या हॅंडलला बांधली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला तिने संमती दिली.

तुम्ही सायकलवर त्या बाजूला निघालात तर वेळापत्रकात तंजावरसमोर शून्य दोनदा लिहा. पहिला दिवस चड्डी वाळण्यातच जातो.