शेकडा नव्वद

ज्या त्रैराशिकाने, नारायणाने विश्व व्यापावे तसे, समग्र गणित व्यापले आहे असे भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त निक्षून सांगितले, त्याचा विधी इतका सोपा आहे की, प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी मांडाव्यात, फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे, की चौथी राशी मुजरा करीत हजर होते, आणि शेकडेवारी म्हणजे याच कुळातील अशी एक शाखा की जिच्यात प्रमाणाची गादी शंभराला वंशपरंपरा वतन म्हणून लावून दिलेली आहे.

शंभरांस दरमहा पाच व्याज, तर सोळांस वर्षाचे किती, असा प्रश्न आचार्यांनी त्याच ग्रंथात घातला आहे. दोन त्रैराशिके जोडली की नऊ पूर्णांक तीन-पंचमांश हे उत्तर मिळते, म्हणजे दसादशे साठ! या दराने वीस महिन्यांत व्याज मुदलाच्या खांद्याला खांदा लावते. व्याजाची वसुली एका वेळी मुदलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा दंडक धर्मशास्त्राने का घातला असेल, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

शंभर मात्र वाटतो तितका स्थितप्रज्ञ नाही. शंभराच्या लुगड्यावर शेकडा पंचवीस चढवून मग सणानिमित्त शेकडा वीस सूट देणारा कापडवाला गिऱ्हाइकाच्या तोंडावर औदार्याचे तेज झळकवतो आणि पुन्हा बरोबर शंभरच गल्ल्यात टाकतो; कारण चढताना प्रमाण शंभर होते आणि उतरताना ते गुपचूप सव्वाशे झाले, याची वर्दी कोणी देत नाही.

परंतु हिशेबाची खरी हौस आमच्या चाळीतील एका निवृत्त शिरस्तेदारांना. “शेकडा नव्वद माणसे मूर्ख असतात,” हा त्यांचा नित्याचा निवाडा. शंभर माणसे त्यांनी कोठे तपासली, याची विचारपूस करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तथापि आमच्या मजल्यावर त्यांच्यासह सोळाच पुरुष राहत असल्यामुळे मी एकदा नव्वदाला सोळाने गुणून शंभराने भागले. चौदा पूर्णांक दोन-पंचमांश मूर्ख निघाले. पैशाच्या बाबतीत अपूर्णांक खपतो, शेजाऱ्याच्या बाबतीत अवघड जाते. शहाणे उरले एक पूर्णांक तीन-पंचमांश. त्यांतील पूर्णांक शिरस्तेदारांनी तत्काळ आपल्या नावे दाखल करून घेतला, आणि तीन-पंचमांशावर आम्हा पंधरा जणांचे दावे अद्याप पडून आहेत.