ऐसपैस धुराडं

मॅसॅच्युसेट्समधलं हे घर मी विटांच्या धुराड्यासाठी घेतलं. बायकोनं घेतलं ते स्वयंपाकघरासाठी. पण नातेवाइकांना फोटो गेले धुराड्याचेच. त्यामुळे पेलेट स्टोव्हच्या दुकानदारानं "भिंतीला भोक पाडा, 3 इंची नळी बाहेर काढा, झालं," म्हटलं तेव्हा मला तो अपमान वाटला. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हेही त्याला ऐकवलं.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. 40 पौंडांच्या पिशव्यांत मिळतात. घरगुती पेलेट स्टोव्ह 1980च्या दशकात जेरी व्हिटफील्ड या बोइंगच्या इंजिनिअरनं घडवला. विमानवाल्यानं स्टोव्ह केला, मग मला नळी जोडायला काय जड?

नळी धुराड्याच्या तोंडात सोडायची, भोवती काचलोकर कोंबायची, वरचं निसर्ग बघून घेईल, अशी माझी योजना. आजोळच्या तांब्याच्या बंबाचा दाखला दिला, तर बायकोनं विचारलं, "बंबाची नळी केवढी होती हो?" मी विषय बदलला.

गोम नेमकी तिथेच होती. उघड्या शेकोटीचा धूर चांगलाच तापलेला असतो. विटा तापवत वर ओढला जातो. पेलेट स्टोव्ह बरीचशी ऊब खोलीला देतो आणि उरलेला निवत चाललेला धूर पंख्यानं ढकलतो. 8 बाय 12 इंचांच्या गार पोकळीत आला की तो पसरतो, रेंगाळतो, त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि काजळी घेऊन खाली उतरतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर तपकिरी ओघळ आले. "जुन्या विटांना असं होतंच," मी म्हणालो.

मग बर्फाचं वादळ आलं, वीज गेली, पंखा थांबला. धुमसत्या पेलेटच्या धुरानं थंडगार धुराड्यापेक्षा दिवाणखाना पसंत केला. घरातले सगळे अलार्म एकसाथ कोकलू लागले. अग्निशामक दलाच्या स्वयंसेवकानं टॉर्च वर मारून विचारलं, "लाइनर कुठाय?" आणि मग, "परमिट?" असा स्टोव्ह बसवायला इथं परमिट लागतं; इंजिनिअरला त्यातून सूट असावी, असा माझा समज.

उपाय साधा होता. लाइनर, म्हणजे धुराड्याच्या आतून थेट शेंड्यापर्यंत 4 इंची स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी, वर टोपी, खाली पत्रा, राख काढायला झाकणाचा टी-आकाराचा जोड. लाइनरवाला जूनमध्ये शिडीवर चढला आणि लगेच उतरला. आत पाकोळ्यांचं घरटं होतं, अंड्यांसकट. या पाकोळ्यांना फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीलाच चिकटतात. काटक्या लाळेनं जोडून घरटं करतात. 1918च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. पिल्लं उडेपर्यंत काम बंद. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या या मंडळींकडे परमिट कोणी मागितलं नाही.

उन्हाळाभर काचलोकरीतून पिल्लांचा कलकलाट ऐकला. बायकोला तो फार आवडला. पाकोळ्या गेल्या, लाइनर आत गेला, टोपी बसली, तशी ती हळहळली. "आता पुढच्या वर्षी कुठं जातील बिचाऱ्या?" मग तिनंच शोधून काढलं, की लोक परसात त्यांच्यासाठी लाकडी धुराडी उभारतात.

आराखडा तिनं माझ्या टेबलावर ठेवलाय. 12 फूट उंच, आतून खरखरीत. "लाइनर लागत नाही," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला जमेल."