सभा तहकूब, चहा मंजूर

नांदेड-वाघाळा महापालिकेच्या सभागृहात 81 नगरसेवक, लातूरच्या 70. कायदा म्हणतो, एकतृतीयांश हजर असले की सभा चालवा. म्हणजे नांदेडात 27 आणि लातुरात 24 जण खुर्चीत टेकले की शहराचं भलं करायला मोकळे. उरलेले कुठं आहेत, हे कायदा विचारत नाही. कँटीनवाला सांगू शकेल.

कोरम मोडला की छापून येतं, 'विरोधकांचा सभात्याग, सभा तहकूब'. जरा बेरीज करून बघा. 2017 च्या निवडणुकीत नांदेडात काँग्रेसचे 73 निवडून आले. उरले आठ. हे आठही जण घोषणा देत, कागद भिरकावत बाहेर गेले असते तरी आत 73 उरले असते आणि कोरमचा केसही वाकडा झाला नसता. त्याच वर्षी लातुरात भाजप 36, काँग्रेस 33. तिथंही सगळा विरोधी पक्ष उठून गेला असता तरी 24 चा आकडा सुखरूप होता. बहुमत असलेल्या सभागृहात कोरम विरोधक मोडत नाहीत, सत्ताधारी मोडतात. एखादा विषय आपल्याच माणसांना नको असला, ठेकेदाराचं गणित जमलेलं नसलं किंवा दोन गटांत वाटा ठरायचा राहिला असला, की एकेक जण फोन कानाला लावून बाहेर पडतो. मग कुणीतरी निरागसपणे उभा राहून विचारतो, "अध्यक्ष महोदय, गणसंख्या आहे का बगा."

खरी गंमत पुढं आहे. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की उरलेल्या विषयांना गणसंख्येची अट नाही. पहिल्या दिवशी 27 पाहिजेत, पुढच्या खेपेला सात असले तरी भागतं. हेतू चांगला होता. सदस्य येत नाहीत म्हणून शहराचं काम अडू नये, एवढाच. पण आपल्याकडं नियमातली पळवाट शोधायला नियम वाचावा लागत नाही, ती सिनियर नगरसेवक ज्युनियरला तोंडी शिकवतो.

तहकुबीचा आणखी एक हुकमी मार्ग म्हणजे दुखवटा. कुणी थोर माणूस गेलं असेल तर दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहावी, त्यात वावगं काही नाही. पण श्रद्धांजलीनंतर सगळी विषयपत्रिकाच गुंडाळली जाते, तेव्हा गेलेल्या माणसाला पाणीपट्टीवरची चर्चा टाळायला वापरलेलं असतं. त्याला विचारायची सोय नसते.

हे सगळे नियम कुठं लिहिलेत म्हणाल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात. कायदा 1949 चा, पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई प्रांतिक' होतं. शेवटी जी अनुसूची जोडलीय तिच्या दुसऱ्या प्रकरणात सभा कशी चालवावी हे दिलंय. थोडकी पानं आहेत. महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा, तीही 20 तारखेच्या आत. सात दिवस आधी नोटीस. सभा लोकांना खुली. बेशिस्त सदस्याला बाहेर काढायचा अधिकार पीठासनाला. मतं समान पडली तर पीठासनाचं एक जादा मत. मराठी चौथीतल्या पोराला कळेल इतकं सोपं. नांदेडची महापालिका 26 मार्च 1997 ला झाली, लातूरची 2011 मध्ये. एवढ्या वर्षांत ही पानं तोंडपाठ व्हायला हरकत नव्हती.

एक तरतूद मात्र सगळ्यांना पाठ आहे. पीठासनानं 'मंजूर' अशी घोषणा केली आणि सदस्यांनी तिथल्या तिथं मतविभागणी मागितली नाही, तर ती घोषणा आणि इतिवृत्तातली नोंद हाच पुरावा. हे वाक्य डोक्यात ठेवून आता लातूरच्या सभागृहात या.

नगरसचिव विषय वाचायला लागतात. एक नगरसेवक रिकामी घागर घेऊन उभा आहे. "सायेब, आमच्या गल्लीत आठ दिसाला पानी यायलंय, अन तुमी इथं चौकाला नाव द्यायलाव!" तो पाण्याचं बोलतो, कारण लातूरकराला दुसरं काय सुचणार? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे हे. टाकीपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून तिथं जमावबंदी लावावी लागली होती. पीठासन म्हणतं, हा विषय पत्रिकेवर नाही. घागरवाला पुढच्या मोकळ्या जागेत येतो. आणखी दहा जण येतात. माईकवर नुसता कल्ला. मागं नगरसचिवांचा आवाज एका सुरात चालूच, विषय क्रमांक नऊ, दहा, अकरा. समोरच्या बाकांवरून 'मंजूर, मंजूर, मंजूर'. कल्ल्यात मतविभागणी कोण मागणार? मागितली तरी ऐकणार कोण? घागर टीव्हीवर झळकते. विषय इतिवृत्तात जातात. 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' चर्चा झाली नाही आणि सर्वही नव्हते, पण व्याकरण शुद्ध आहे.

म्हणून विरोधकांच्या गोंधळाबद्दल सत्ताधाऱ्यांनी नाकं मुरडली की मला हसू येतं. गोंधळ ही सत्तेची सोय आहे. शांत बसून पुरवणी प्रश्न विचारणारा, 'या निविदेचा अंदाजित दर काय, आला किती?' असं आकड्यात बोलणारा एक नगरसेवक सभागृहाला जेवढा जड जातो, तेवढे राजदंड पळवणारे पाच जात नाहीत. राजदंड परत मिळतो. लेखी उत्तर दिलं की ते कायमचं राहतं.

आणि मग आयत्या वेळचे विषय! पत्रिकेवरचे विषय म्हणजे सुपारी फुटायच्या आधीच्या मानपानाच्या गप्पा; देण्याघेण्याचं बोलणं उठता उठता होतं. सात दिवसांची नोटीस कशासाठी असते? नगरसेवकानं कागद वाचावा, जागेवर जाऊन यावं, दोन माणसांना विचारावं म्हणून. तातडीचं काही असेल तर ऐनवेळी घ्यायला वाट ठेवलेली आहे. पूर आला, साथ आली, मान्य. पण भूखंडाचा भाडेपट्टा वाढवायची तातडी? ठेक्याला मुदतवाढ द्यायची तातडी? मुदत संपणार हे ठेका दिला त्याच दिवशी ठाऊक होतं की.

हेच सभागृह मनात आणलं तर किती शिस्तीत वागतं, ते महापौर निवडीच्या दिवशी बघावं. त्या दिवशी पीठासनावर सरकारी अधिकारी, हजेरी चोख, हात वर करून मतदान, एकेक हात मोजलेला. कुणी फोन कानाला लावून बाहेर जात नाही. 22 नोव्हेंबर 2019 ला लातुरात 36 नगरसेवक निवडून आणलेल्या भाजपचा महापौरपदाचा उमेदवार पडला आणि काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे 35 विरुद्ध 33 मतांनी महापौर झाले. भाजपमधूनच फुटलेल्यांनी हे घडवलं. राजकारण कसंही असो, मोजणी निर्मळ होती. स्वतःची खुर्ची असली की नियम स्वल्पविरामासकट पाळता येतो, हे सिद्ध झालं. पाण्याच्या विषयाला तेवढी बारीक मोजणी कधी लाभेल?

कोरोनात 2020 साली नगरविकास खात्यानं सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं घ्यायला सांगितलं, आणि पीठासनाला जे हवं होतं ते बटण सापडलं. म्यूट. त्याच डिसेंबरात तिकडं इंग्लंडातल्या हँडफोर्थ गावच्या परिषदेची ऑनलाइन सभा झाली. जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी कारभार हाती घेऊन अध्यक्षालाच सभेतून बाहेर काढलं आणि दुसरा सदस्य 'नियम वाचा, समजून घ्या' म्हणून किंचाळत राहिला. दोन महिन्यांनी ती फीत जगभर फिरली. आपल्याकडं लोक पोट धरून हसले. साहेबाच्या देशातही हेच चालतं, म्हणून जरा बरंही वाटलं असेल. फरक एवढाच, की तो सदस्य नियम वाचा म्हणून ओरडत होता. आपल्याकडं एवढ्या मोठ्यानं कुणी नियमाची आठवण काढल्याचं ऐकिवात नाही.

मग आली सगळ्यात आदर्श सभा. लातूरची मुदत मे 2022 मध्ये संपली, नांदेडची त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर. निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक आले. आयुक्तांनी प्रस्ताव पाठवायचा, प्रशासकांनी मंजूर करायचा, आयुक्तांनी अंमलात आणायचा. आणि आयुक्त व प्रशासक एकच गृहस्थ. ना घागर, ना सभात्याग, ना कोरमचा प्रश्न. स्थायी समितीही तेच, सर्वसाधारण सभाही तेच. अर्थसंकल्प कुणाच्या भाषणाशिवाय मंजूर. तीन-साडेतीन वर्षं अशी गेली, आणि शहरातल्या बऱ्याच शहाण्यासुरत्या लोकांना ते आवडलंसुद्धा. "नगरसेवक नाहीत ते बरंय बगा, कामं तरी व्हायलीत." मी ऐकलंय हे, चांगल्या शिकलेल्या तोंडून. यांना विचारावं, कामं झाली ती कुणाच्या गल्लीत, किती दरानं, आणि हे विचारायला तुम्ही गेला होता कुठं? चुकीच्या ठरावावर सूचक-अनुमोदकांची निदान दोन नावं तरी असतात, शिव्या घालायला. प्रशासकाची बदली होते.

15 जानेवारी 2026 ला अखेर मतदान झालं. लातुरात काँग्रेस, नांदेडात भाजप. नांदेडच्या निकालात कोणी फार बदल शोधू नये. 2017 चे 73 काँग्रेसवाले ज्यांच्या शब्दावर आले होते ते अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. सभागृहाच्या भाषेत, ठराव दुसरा, सूचक तोच.

सभा फक्त नगरसेवकांच्याच नसतात. राज्यानं 2009 मध्ये महापालिकांच्या याच कायद्यात क्षेत्रसभा आणल्या. दोन-चार मतदान केंद्रांपुरत्या लोकांनी एकत्र बसून आपल्या भागाचं ठरवायचं. केंद्राच्या शहरविकासाच्या जेएनएनयूआरएम योजनेची ती अट होती, आणि महाराष्ट्रातल्या ज्या शहरांना त्या योजनेचा पैसा मिळाला त्यात नांदेड होतं. पैसा आला. तुमच्या भागातली क्षेत्रसभा कधी झाली, आठवतंय का?

आता नव्यांच्या सभा होतील. सभा लोकांना खुली असते, गॅलरीत जाऊन बसता येतं. पहिला तासभर भाषणं चालतील, तेव्हा उशिरा गेलात तरी चालेल. लोक उठायला लागले, कागद गोळा व्हायला लागले, की मात्र जागा सोडू नका. आयत्या वेळचे विषय तेव्हाच निघतात. नंतर नगरसचिवांच्या कार्यालयात जाऊन इतिवृत्ताचं पुस्तक मागा. ते बघायचा हक्क नगरसेवकाला आहे तसा थोडकी फी भरून तुम्हालाही आहे. हातात देईनात तर माहिती अधिकारात अर्ज टाका. "कशाला पायजे?" असं खिडकीतून विचारतील. त्या अर्जावर कारण लिहावं लागत नाही.