परिसाचा किल्ला आणि मामांची छत्री

मामांच्या डेन्मार्कवासी चिरंजीवांनी धाडलेले क्रोनबोर्ग किल्ल्याचे चित्र ज्या दिवशी टपालाने आले, त्या दिवसापासून मामांची वामकुक्षी नष्ट झाली. हिरव्या तांबपत्र्याची शिखरे मिरविणारा तो प्रासाद १५७४ ते १५८५ या काळात दुसऱ्या फ्रेडरिक राजाने सिद्ध केला आणि त्याच्या तळघरात होल्गर डान्स्के नावाचा वीर देशावरील संकटाची वाट पाहत घोरत पडला आहे, हे मी मोठ्या भक्तिभावाने वाचून दाखविले. परंतु महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या मामांना त्या वीराचे काडीइतके कौतुक वाटले नाही. समुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांच्या जकातीवर हे वैभव उभे राहिले, हे कळताच मात्र ते गहिवरले.

“अरे, हा तर जकातनाका! आपल्या जिल्ह्यात असे काही नाही होय?”

म्हणून आम्ही वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने पवनारला निघालो; मी टोपी घालून, मामा लोखंडी टोकाची छत्री घेऊन.

वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर ते हेच, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादिले. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते. आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. एवढी पूर्वपीठिका मी वाटेत ऐकविली, ती मामांनी डुलक्या घेत दफ्तरदाखल केली. किल्ला कुठे, असे विचारताच पारावरचे एक गृहस्थ म्हणाले, “किल्ला कायचा पाह्यता बापू, तुमी उभे हा तेच टेकाड किल्ला व्हय!”

मामांनी पायांखाली पाहिले आणि आदराने वहाणा काढल्या.

मग त्या गृहस्थांनी पवन राजाची कथा सांगितली: राजापाशी परीस होता, म्हणून तो रयतेकडून रोकड सारा न घेता नांगराचे फाळ घेई व त्यांचे सोने करी, पुढे शत्रू चालून आला तेव्हा त्याने धाम नदीत उडी घेतली. ऐकताना माझे अंतःकरण हेलावले, मामांची लेखणी मात्र जागी झाली. नवा फाळ शेतात आणि झिजलेला सरकारात, असे रयत करणार नाही कशावरून? वजनाची रुजवात कोण घाली? दुष्काळी साली सूट किती, आणि तगाई द्यायची ती सोन्यात की लोखंडात? गृहस्थ विडी विझवून निघून गेले.

आम्ही नदीकडे उतरलो. पैलतीरी विनोबांचा परंधाम आश्रम. १९३८ साली ते येथे आले, आणि ज्या गावच्या राजाने लोखंडाचे सोने केले त्याच गावी त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडून पैशाला रजा दिली. शिवाय ऋषिशेतीत बैलही वगळले, त्यामुळे फाळाचा प्रश्न मुळातच मिटला. हा योगायोग मला इतका रसाळ वाटला की त्यावर पाऊण तास तरी बोलावे, या हेतूने मी घसा खाकरून मागे वळलो.

मामा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते. एकेका धोंड्याला छत्रीचे टोक लावीत, ते उचलून चष्म्याजवळ नेत, निरखीत, आणि पुढच्या धोंड्याकडे सरकत.

“शेवटची बस साडेपाचला,” मी ओरडलो.

“तू हो पुढे,” मामा म्हणाले, “एवढी रांग तपासून येतो.”